अळीचे प्रमाणपत्र

कोथरूड, एरंडवणे, औंध, बाणेर, पुण्याच्या यांपैकी कुठल्याही भागात गेलात तरी असे एक ठिकाण आता सापडतेच. जुन्या बंगल्याचा पोर्च, त्यात सहा-सात टेबले, एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या खुर्च्या, वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात लावलेला गवती चहा आणि फळ्यावर खडूने लिहिलेली आजची भाजी. नावात माती, अंगण, चूल, कणीस यांपैकी काहीतरी असते आणि त्याला जोडून ‘बिस्ट्रो’. जेवण सेंद्रिय, माल आसपासच्या शेतातला, पाणी तांब्याच्या भांड्यातले. इथून जेवून बाहेर पडणाऱ्यांची मते ऐकली, तर ही सगळी माणसे एकाच ठिकाणी जेवली यावर विश्वास बसत नाही. एकाच्या मते पिठल्याला आजीच्या हाताची चव होती. दुसऱ्याच्या मते आजी परवडली, ती निदान भूक मरायच्या आत वाढायची. तिसऱ्याला भात गिचका लागला, तर चौथ्याने जाताना त्याच तांदळाची दोन किलोची पिशवी विकत घेतली. पाचव्याला मेथीत अळी सापडली म्हणून तो भडकला आणि सहाव्याला ती सापडली नाही म्हणून त्याला संशय आला.

या गोंधळाची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. मालकाची मित्रमंडळी म्हणतात, पुणेकरांचे तोंडच वाकडे, त्यांना अमृत दिले तरी ते ‘जरा गार आहे’ म्हणतील. मालकाचे शत्रू, म्हणजे बहुधा शेजारच्या बंगल्यातले लोक, म्हणतात की स्वयंपाकघरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण मूळ कारण त्याहून साधे आहे. ‘स्थानिक’, ‘हंगामी’ आणि ‘सेंद्रिय’ हे तिन्ही शब्द जिथे खरे असतील, तिथे जेवणाऱ्यांचे एकमत होणे शक्यच नाही. ते झालेच, बाराही महिने सगळे एकमुखाने ‘वा’ म्हणू लागले, तर मागच्या दाराने मार्केट यार्डाचा टेम्पो येतो का, हे पाहून यावे.

आधी ‘बिस्ट्रो’ या शब्दाची विल्हेवाट लावू. त्याची एक गोष्ट सांगतात, की १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक खानावळीत बसून ‘बिस्त्रा, बिस्त्रा’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ असे ओरडत आणि त्यावरून हे नाव पडले. भाषाशास्त्रज्ञ ही गोष्ट मानत नाहीत, कारण छापील फ्रेंचमध्ये हा शब्द त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी दिसतो. पुण्यातल्या बिस्ट्रोत भाकरीची वाट पाहत पाऊण तास बसलेल्या माणसालाही ती खरी वाटणार नाही. तिथे ‘लवकर’ असे ओरडण्याची सोयच नसते. फळ्याखाली लिहिलेलेच असते की इथे अन्न सावकाश शिजते. आपल्या जुन्या दुकानांत ‘दुपारी एक ते चार बंद’ अशी पाटी असे. तिच्यात उद्धटपणा असेल, पण त्याला अध्यात्माचा मुलामा नव्हता.

आता ‘स्थानिक’ हा शब्द घेऊ, कारण अर्धे भांडण त्यातच आहे. थाई हॉटेलात गेलेला पुणेकर विलक्षण नम्र असतो. करीत गलांगल कमी पडले की जास्त, हे त्याला कळत नाही आणि कळत नाही हे त्याला ठाऊक असते. जे समोर येईल ते ‘वेगळे आहे’ म्हणून तो खातो. हाच माणूस पिठल्यासमोर बसला की सर्वोच्च न्यायालय होतो. पिठल्याच्या बाबतीत महाराष्ट्रात अडाणी असा कुणी नाही. आमटी तर त्याहून नाजूक प्रकरण. गोडा मसाला की काळा, चिंच की आमसूल, गूळ घालायचा का आणि घातला तर तो ओळखू यावा का, या प्रश्नांवर एका सोसायटीत काय, एका घरातही एकमत नसते. कोल्हापूरकडच्याला तीच आमटी गोडमिट्ट लागते, सदाशिव पेठेतल्याला जहाल लागते, रत्नागिरीच्या माणसाला तिच्यात खोबरे कुठे गेले हे कळत नाही आणि नागपूरचा माणूस मीठ-मिरचीचे डबे मागवून ती दुरुस्त करायला बसतो. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे मराठी खाद्यसमीक्षेचे आद्यवाक्य आहे, आणि ते खोटे नाही. खरेच त्यांच्याकडे तसे करत नाहीत. ज्या पदार्थाची शे-दीडशे अस्सल रूपे आहेत, त्याचे एक रूप ताटात आले की उरलेल्या रूपांचे लोक नाराज होणारच. पास्ता विकणाऱ्याला हा त्रास नाही. इटलीतली आजी सहसा कोथरूडला जेवायला येत नाही.

त्यातही इथली तुलना समोरच्या दुसऱ्या हॉटेलाशी होत नाही, आठवणीशी होते. ‘हे तर आपण घरीच करतो’ असे म्हणणाऱ्या बहुतेक घरांत आता भाकरी होत नाही. पोळ्यांना काकू येतात, त्यांना वेळ नसतो, आणि थापता येणारी शेवटची व्यक्ती गुडघेदुखीमुळे ओट्यापाशी उभी राहत नाही. म्हणजे घरी होत नाही म्हणून बाहेर खायला आलेला पदार्थ घरच्यासारखा नाही, अशी ती तक्रार असते. आठवणीतल्या भाकरीशी स्पर्धा करणे कुणालाच जमणार नाही, कारण आठवणीत भाकरी कधी करपत नाही, आठवणीतल्या आईला सुट्टी नसते आणि आठवणीतले जेवण फुकट असते. शिवाय आठवणीत आग्रह असतो. मराठी माणसाला पोट भरल्याची खूण ‘पुरे’ म्हणून आडवा हात धरण्यात सापडते. बिस्ट्रोत कुणी आडवा हात धरायची वेळच येऊ देत नाही. वाटी एकदा येते; दुसऱ्यांदा येते ती बिलावर.

बरे, स्थानिक म्हणजे किती लांबचे? आपल्याकडे याचा हिशेब ज्याने त्याने करायचा असतो. अमेरिकेत मात्र २००८ च्या शेतीविषयक कायद्यात मूळ ठिकाणापासून चारशे मैलांच्या आत किंवा त्याच राज्यात विकला जाणारा माल स्थानिक, असे म्हटले आहे. चारशे मैल म्हणजे सुमारे साडेसहाशे किलोमीटर. हा दंडक पुण्याला लावला तर हैदराबादची बिर्याणी आणि इंदूरचे पोहेही स्थानिक ठरतील आणि बिस्ट्रोचा मेनू एकदम सुसह्य होईल. आपल्या बिस्ट्रोवाल्याची ज्वारी मंगळवेढ्याची असते. भौगोलिक मानांकन मिळालेली ती मालदांडी, उत्तमच. पण मंगळवेढा पुण्यापासून दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. चहा तर महाराष्ट्रात पिकतच नाही. आणि आमटीत पडणारा हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान-इराणकडून येत आला. भारतात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली ती २०२० साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. म्हणजे फोडणी घातल्याबरोबर सगळ्यात स्थानिक आमटीही काबूलला जाऊन येते. ही फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ‘शंभर टक्के स्थानिक’ असे लिहिणाऱ्याने फोडणी वगळून टक्केवारी काढलेली असते.

‘पारंपरिक’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. फळ्यावर ‘आजीच्या काळचा इंद्रायणी’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून माणसांचे डोळे पाणावतात. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केले आणि १९८७ साली प्रसारित केले. आयआर-८ हा हरितक्रांतीतला गाजलेला बुटका तांदूळ, फिलिपिन्समधून १९६६ साली आलेला. म्हणजे आजीच्या काळचे म्हणणे अगदीच चूक नाही. १९८७ साली आजी रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण बघत होती. तांदूळ मात्र खरोखर चांगला आहे. तो चिकट होतो, हा त्याचा स्वभाव. नवा असला तर जास्तच. बासमतीची सवय झालेला माणूस त्याला ‘गिचका’ म्हणतो आणि मावळातला माणूस त्याच गुणासाठी तो मागतो. मघाशी भांडणारे तिसरे आणि चौथे गिऱ्हाईक ते हेच. दोघांनीही खरे सांगितले. चुकला फळा, त्याने भात मोकळा होणार नाही एवढे लिहायला हवे होते.

इथे हंगामाची अडचण सुरू होते. बाराही महिने एकसारखी चव हवी असेल तर माल बाराही महिने एकसारखा हवा, आणि शेत ही काही बिस्किटाची फॅक्टरी नव्हे. ज्वारीचेच बघा. ताज्या दळणाची भाकरी टम्म फुगते. तेच पीठ काही आठवडे राहिले की विरी जाते आणि मग भाकरी थापताना कडेने भेगा पडतात, पाणी लावून लावून थापणारीचा जीव जातो. ज्वारीत ग्लूटेन नाही, तेव्हा पिठाला धरून ठेवतो तो थापणारीचा हात आणि आधणाचे पाणी. त्यातून भाकरी तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात पाच-दहा मिनिटांत गेली पाहिजे, नंतर तिचे कातडे होते. सहा टेबले, एक तवा आणि थापणारी बाई एकच, म्हणजे पहिल्या टेबलाला भाकरी मिळते आणि सहाव्याला भाकरीविषयी माहिती. मेथी थंडीत गोडसर असते, उन्हाळ्यात कडवट होते, पावसाळ्यात तिच्याबरोबर अर्धे शेत धुऊन काढावे लागते. रानभाज्यांचे तर विचारूच नका. शेवळे येते ते पहिल्या पावसात, जेमतेम काही दिवस. ते घशाला खाजते म्हणून ठाण्या-रायगडाकडच्या बायका त्यात काकडाची आंबट फळे घालतात. काकडे मिळाली नाहीत आणि आचाऱ्याने चिंचेत हात आखडला, तर गिऱ्हाईकाचा अभिप्राय घशातून येतो. आणि करटोली ज्याने श्रावणात खाल्ली आणि खूश होऊन पौषात मित्रांना घेऊन आला, त्याच्यापुढे भोपळा ठेवला जातो. मित्रांसमोर झालेली ही मानहानी तो विसरत नाही. तो सगळीकडे सांगत सुटतो की त्या हॉटेलाचा दर्जा घसरला. घसरला होता फक्त महिना.

सेंद्रियपणाची कथा आणखी न्यारी, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छता दिसते, चव कळते, पण रसायन न घातल्याचे कळणार कसे? नसलेली गोष्ट दाखवायची कशी, हा प्रश्न पूर्वी फक्त तत्त्वज्ञांना पडत असे. सरकारने त्यासाठी कागद काढले. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. त्यात हंगामी पिकाच्या जमिनीला दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे ‘संक्रमणा’त काढावी लागतात. त्या काळात शेतकऱ्याने रसायन टाकायचे नाही आणि माल सेंद्रिय म्हणून विकायचाही नाही. थोडक्यात, उपास करायचा पण पुण्य नंतर. छोट्या शेतकऱ्यांसाठी ‘पीजीएस’ म्हणजे सहभाग हमी पद्धत निघाली. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांना हमी देतो. शेजाऱ्याच्या बांधावर नजर ठेवण्याचे जे काम गावात पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य चालत आले, त्याला शासनमान्यता मिळाल्याचे हे एकमेव उदाहरण असावे. पुढे २०१७ च्या नियमांतून ‘जैविक भारत’ हे चिन्ह आले, पण ते पाकिटावर छापता येते, भरलेल्या वांग्यावर नाही. ताटातल्या भाजीपुरते गिऱ्हाईकाकडे मग एकच निरीक्षक उरतो, अळी. ती लाच घेत नाही, कीटकनाशक मारलेल्या शेतात सहसा फिरकत नाही आणि जागेवर हजर राहून अहवाल देते. पण जो माणूस फवारणी नसल्याबद्दल जादा पैसे मोजतो, तोच फवारणी नसल्याचा पुरावा ताटात निघाला की पैसे परत मागतो. (निवडणारीने अळी पाहायला हवी होती हे खरेच, त्याकडे येतो.)

या सेंद्रियपणाचे मूळ आपल्याकडे इंदुरातही आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरातल्या संशोधन संस्थेत होता. इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला आला आणि त्यांच्याकडून शिकला, असे त्याने स्वतःच मोकळेपणाने मान्य केले. पाला, शेण आणि माती यांचे थर रचून खत करण्याची त्याने बसवलेली रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीतल्या लोकांनी त्याला गुरू मानले. उकिरड्याचे हे शास्त्र विलायतेला गेले आणि ‘ऑरगॅनिक’ होऊन परत आले तेव्हा आपण ते इंग्रजी मेनूकार्डावर वाचून ओळखले नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि कळशाचे बिलही लागते.

‘पण आरोग्याला तर चांगले ना?’ असा प्रश्न येतो. आपल्याकडे ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण ज्यांच्यासाठी झाली, त्यांचे वंशज बिस्ट्रोच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसतात. एका नाचणीच्या डोशाने रक्तदाब उतरावा आणि उरलेला आठवडा वडापावला मोकळा राहावा, अशी त्यांची माफक अपेक्षा असते. तज्ज्ञांकडे जावे तर तेही बिस्ट्रोच्या गिऱ्हाइकांसारखेच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली शेकडो अभ्यास चाळून सांगितले की सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाही, मात्र कीटकनाशकांचे अंश त्यात कमी सापडतात. दोन वर्षांनी इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी तसेच ढिगारे उपसून सांगितले की सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी असते. एकाच ताटाबद्दल विद्यापीठांचे एकमत होत नसेल, तर रविवारी दुपारी एक वाजता भुकेल्या पोटी बसलेल्या कुटुंबाचे व्हावे, ही अपेक्षा फाजील आहे.

आता खरा आक्षेप. कुणी म्हणेल, तुमचे हे सगळे म्हणणे म्हणजे वाईट आचाऱ्याला दिलेले अभय आहे. भाजी कडू झाली, हंगाम. भात चिकटला, वाण. उशीर झाला, तत्त्वज्ञान. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण होतीच, आता वाकड्या अंगणाला सेंद्रिय म्हणायचे. हा आक्षेप योग्य आहे आणि बिस्ट्रोवाले त्याला रोज नवे खाद्य पुरवतात. म्हणून शेताचा दोष आणि ओट्याचा दोष वेगळे काढले पाहिजेत, आणि ते काढायला शेतीची पदवी लागत नाही. मेथी कडवट, हा शेताचा. मेथीत वाळू, हा ओट्याचा. अळी शेतातून आली, पण ती निवडणे, धुणे आणि चिरणे या तीन चौक्या ओलांडून ताटात पोचली असेल तर तो तिचा पराक्रम नव्हे, चौकीदारांचा निष्काळजीपणा आहे. करटोली नसणे निसर्गाचे; नसताना ती फळ्यावर असणे मालकाचे. कोणत्याही ऋतूमुळे पिठले गुठळ्यांचे होत नाही. ताक कुठल्या महिन्यात कोमट असावे, असे पंचांगात नाही. आणि ऑर्डर विसरलेला मुलगा, ‘आमच्या मावळातल्या शेतकरीदादांची गोष्ट सांगू का?’ असे विचारत परत आला, तर त्याला नम्रपणे सांगावे की दादांची गोष्ट ऐकू, आधी भाकरी आण. गोष्ट हे तोंडी लावणे आहे. मुख्य पदार्थाऐवजी ती वाढू लागले की त्या जागेचे दिवस भरले असे समजावे. मतभेद हे खरेपणाचे लक्षण आहे असे मी म्हणतो तेव्हा ते शेतातून आलेल्या मतभेदांबद्दल म्हणतो. गार भाकरीबद्दल सगळ्या टेबलांचे एकमत असते, आणि त्या एकमतावर अपील नाही.

दुसरा आक्षेप असा, की चांगल्या हॉटेलाची खूणच सातत्य. ज्या उडप्याकडे वीस वर्षे तोच सांबार मिळतो, त्याच्याकडे माणसे रांग लावतात. ते लावणारच, कारण त्याने सातत्य विकायचे ठरवले आहे आणि त्यासाठी तो बाजारातून माल उचलतो. मार्केट यार्डात एका जिल्ह्याचा टोमॅटो संपला की दुसऱ्याचा येतो. बिस्ट्रोवाल्याने तीन शेतकरी धरले आणि त्यांपैकी दोघांवर गारा पडल्या, की त्याचा मेनू पुसला जातो. सातत्याचा देव म्हणून ज्यांची पूजा होते त्या मॅकडोनल्ड्सनेही जुलै २०२३ मध्ये, टोमॅटो शंभर रुपयांच्या पार गेला तेव्हा, उत्तर आणि पूर्व भारतातल्या अनेक दुकानांत बर्गरमधून तो काढून टाकला आणि चांगला माल मिळत नसल्याची पाटी लावली. ती पाटी कोथरूडच्या बिस्ट्रोत असती तर तिला ‘हंगामी मेनू’ म्हटले असते आणि खाली एक कोथिंबिरीचे चित्र काढले असते. बिस्ट्रोकडे सातत्य मागणारा माणूस चूक मागतो असे नाही, चुकीच्या दुकानात मागतो. वडापाव कोपऱ्यावर आहे, आणि तो कधीही दगा देत नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तिथे माझी सहानुभूती गिऱ्हाइकाकडे जास्त आहे. पिठले-भाकरीचे तीनशे-साडेतीनशे रुपये द्यायचे, हे मराठी मनाला अर्थशास्त्रापेक्षा धर्मशास्त्राच्या अंगाने टोचते. १९९५ साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली होती, हे अजून लोकांच्या डोक्यात आहे. तो एक रुपया अनुदानाचा होता, त्यात भाकरीची खरी किंमत नव्हती, हे मान्य. पण साडेतीनशेमध्ये तरी ती कुठे आहे? त्यात जागेचे भाडे आहे, थापणारीचा पगार आहे (असावा), कमी उताऱ्याच्या शेतमालाचा चढा दर आहे, आणि उरलेले पैसे भाषांतराचे आहेत. पिठले म्हणजे ‘बेसन पोलेंटा’, भाकरी म्हणजे ‘सोरगम फ्लॅटब्रेड’, ठेचा म्हणजे ‘आर्टिसनल चिली रेलिश’. प्रत्येक शब्दामागे चाळीसेक रुपये धरले तरी हिशेब लागतो. श्रीमंतांचा छंद म्हणून यावर टीका होते, ती अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग असा, की दोन वर्षे संक्रमणात काढणाऱ्या शेतकऱ्याला कुणीतरी जादा दर दिला पाहिजे, आणि तो देण्याची ऐपत असलेला माणूस खुर्ची विजोड असली तरी बसतो. प्रश्न एवढाच, की तो जादा दर शेतापर्यंत जातो का. शेतकऱ्याचा फोटो भिंतीवर आणि त्याचे बिल तीन महिने वहीत, असे होत असेल तर मग पिठल्याची चव कशीही असो, ते महागच. दादांच्या फोटोऐवजी त्यांना दिलेला किलोचा भाव फळ्यावर लिहिला, तर साडेतीनशेबद्दलची निम्मी कुरकुर आपोआप थांबेल. उरलेली थांबणार नाही, ती गूळ किती घातला यावर आहे.

तेव्हा अशा ठिकाणी जाणार असाल तर दुसऱ्यांची मते गोळा करत बसू नका. ती उलटसुलट असणार आणि असलेलीच बरी. गर्दी व्हायच्या आधी जा, म्हणजे तुमचे टेबल पहिले असेल. बसल्यावर ‘आज काय आहे?’ असे विचारू नका, ते फळ्यावर आहे. ‘आज काय नाही?’ असे विचारा. पोऱ्याने ‘टोमॅटो संपलेत, करटोली अजून आली नाहीत, आणि भाकरीवाल्या मावशी दीडला निघतात’ असे सांगितले, तर निवांत बसा आणि जे असेल ते मागवा. ‘सगळं आहे’ म्हणाला तर पाणी पिऊन उठा, कोपऱ्यावर वडापाव आहेच.